थोरले मामा, रंगून आणि खोडलेल्या दोन ओळी

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. तुमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रह्मदेशात ‘सरकारचे एजंट’ होते, असे घरात तीन पिढ्या सांगत आल्या. रत्नागिरीकडचे जुने घर आवरताना ट्रंकेत त्यांची ४३ पत्रे निघाली. सगळी थोरल्या बंधूंना लिहिलेली, निम्मी मोडीत, निम्मी बाळबोध. त्यांत कामाबद्दल एक अक्षर नाही. शेवटच्या पत्रांत गावांची नावेही नाहीत. एका पत्रात दोन ओळी काळ्या शाईने खोडल्या आहेत. आणि ‘थोरल्या मामांची प्रकृती ठीक नाही’ हे वाक्य पाच पत्रांत येते. पण तुमच्या आत्या म्हणतात की थोरले मामा युद्धाच्या कितीतरी आधीच वारले होते. यावरून पणजोबा गुप्तहेर होते का, आणि ही पत्रे छापावीत का, असे तुम्ही विचारले आहे.

मी पत्रे पाहिलेली नाहीत. त्यामुळे पुढचे सगळे ‘तुम्ही सांगता तसे असेल तर’ या अटीवर वाचा. लोकांच्या घरातली जुनी दप्तरे लावून देणे, मोडी वाचून देणे, हे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो: तुम्ही दिलेल्या खुणांपैकी एकही खूण हेरगिरीची नाही. त्या सगळ्या खुणा युद्धाच्या दिवसांत परगावाहून घरी लिहिणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाच्या पत्रांत सापडतात. तुम्हाला पत्रांत काय दडवले आहे ते शोधायचे आहे. मी म्हणेन, ते कोणापासून दडवले आहे, हे आधी शोधा.

सुरुवात ‘एजंट’ या शब्दापासून करू, कारण घरातल्या दंतकथेचे मूळ बहुधा तिथेच आहे. आज हा शब्द ऐकला की एकतर विमा आठवतो नाहीतर सिनेमातला हेर. त्या काळी मात्र तो रीतसर सरकारी हुद्दा होता. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सर्वोच्च अधिकारी बरीच वर्षे ‘एजंट’ म्हणवला जाई. इंपीरियल बँकेच्या शाखेचा प्रमुखही एजंट. संस्थानांत पोलिटिकल एजंट असत ते वेगळेच. आणि तुमच्या कामाचा आहे तो चौथा प्रकार. १९२२ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर जाणाऱ्यांविषयीच्या) कायद्याखाली हिंदुस्थान सरकार आपल्या मजुरांची विचारपूस करण्यासाठी बाहेर एजंट नेमू लागले. सिलोनमध्ये कँडीला एक, मलायात एक. दक्षिण आफ्रिकेत १९२७ साली श्रीनिवास शास्त्री गेले, तेही ‘एजंट’ म्हणूनच. १ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा काढला गेला आणि मग रंगूनलाही हिंदुस्थान सरकारचा एजंट बसला. १९४२ साली त्या जागेवर आर. एच. हचिंग्ज नावाचे अधिकारी होते.

म्हणजे तुमचे पणजोबा स्वतः एजंट नव्हते. पण ‘एजंटच्या कचेरीत’ कारकून, टायपिस्ट किंवा हेडक्लार्क असू शकतात. ‘अण्णा रंगूनला एजंटच्या हापिसात आहेत’ या वाक्यातले ‘हापिस’ गळायला दोन पिढ्या पुरतात, आणि तिसऱ्या पिढीत एजंट ‘गुप्त’ होतो. हे मी गमतीने म्हणत नाही. एका घरात ‘सर्व्हे खात्यात खलाशी’ असलेल्या गृहस्थांना नातवंडांनी आरमारात भरती करून टाकलेले मी पाहिले आहे. जमीनमोजणीच्या साखळ्या ओढणाऱ्याला खलाशी म्हणत, हे नातवंडांना कुठून ठाऊक असणार?

अर्थात कचेरी दुसरी कुठलीही असू शकते. पोस्ट, रेल्वे, बंदर, मिलिटरी अकाउंट्स. ते पत्रातल्या मजकुरावरून नाही कळणार, पाकिटावरून कळेल. म्हणून माझा पहिला आग्रह: पत्र वाचायच्या आधी पाकीट वाचा. पाकिटे टाकून दिली नसतील अशी आशा आहे. तिकिटे कापून कोणा मुलाला दिली असतील तर रागावू नका, प्रत्येक घरात असा एक मुलगा होता.

पाकिटावर काय पाहायचे? १९३७ नंतर ब्रह्मदेशाची तिकिटे वेगळी झाली. आधी हिंदुस्थानच्याच तिकिटांवर ‘बर्मा’ असा छाप मारून, पुढे स्वतंत्र. युद्ध सुरू झाल्यावर, म्हणजे सप्टेंबर १९३९ नंतर, टपाल उघडून तपासायला लागले. तपासलेल्या पाकिटाची एक कड कापून तिच्यावर कागदी पट्टी डकवलेली असते, किंवा सेन्सॉरचा शिक्का असतो. आणि लष्करी टपाल असेल तर गावाच्या नावाऐवजी ‘एफपीओ’ आणि पुढे एक आकडा. फील्ड पोस्ट ऑफिस पलटणीबरोबर फिरे, त्यामुळे त्या आकड्यावरून आजच्या नकाशावरचे गाव सरळ सापडत नाही. कोणत्या महिन्यात ते कुठे होते हे पाहावे लागते. तुमच्या पणजोबांच्या पाकिटांवर एफपीओ नसून रंगूनचा साधा शिक्का असेल तर ते बहुधा मुलकी नोकर होते.

आता गावांची नावे का नाहीत. सेन्सॉरचा नियम सगळ्यांना सारखाच होता: ठिकाण, पलटण, जहाज, हालचाल, आकडे लिहायचे नाहीत. इटलीत लढणारा सातारचा मराठा शिपाई असो की बंदरावरचा कारकून, दोघेही ‘येथे हवा थंड आहे’ एवढ्यावर थांबत. माझ्याकडे आलेल्या युद्धकाळातल्या पत्रांच्या बहुतेक गठ्ठ्यांत ‘हवा’ हा सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द आहे. नाव नसणे हा त्या काळचा शिरस्ता आहे. उलट एखाद्या पत्रात ठिकाणाचे नाव ठसठशीत लिहिलेले असले, तर मी जास्त बारकाईने बघतो, की हे पत्र टपालाने न येता कोणा येणाऱ्याबरोबर हाती पाठवले होते का.

आणि मृत मामा आजारी कसे पडतात? ही तुमच्या गठ्ठ्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. अशी घरगुती सांकेतिक भाषा त्या काळी सर्रास होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे तपासणाऱ्या सेन्सॉरने नोंदवून ठेवले आहे की शिपाई घरी ‘काळी मिरी’ आणि ‘लाल मिरची’ यांबद्दल लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असे लिहिले की घरच्यांनी काय ते समजावे. सेन्सॉरलाही ते समजत होतेच, म्हणून तर ते अहवालात आले. यासाठी शिपायाला हेर असावे लागत नव्हते, चतुर असावे लागत होते. तेव्हा ‘थोरले मामा’ म्हणजे बहुधा रंगूनमधली परिस्थिती, किंवा सरकार, किंवा युद्ध. पाचही पत्रे तारखेने लावून बघा. मामांची प्रकृती डिसेंबर १९४१ पासून खालावत गेली असेल तर कोडे सुटले. मामा १९३८ सालीही आजारी असतील, तर तो जुलै १९३८ मध्ये हिंदी लोकांविरुद्ध रंगुनात उसळलेला दंगा असू शकेल. आणि मामांच्या आजारात तारखांचा काहीच मेळ बसत नसेल तर आत्यांना पुन्हा एकदा विचारा, थोरले मामा दोन नव्हते ना! कोकणातल्या घरांत चुलत-मावस धरून दोन थोरले मामा असणे काही विशेष नाही.

तारखांवरून आठवले. इथे एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. पणजोबांनी तिथी घातली असेल तर शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण शक गुढीपाडव्याला बदलतो. त्यामुळे जानेवारी ते पाडवा या काळात ७८ नव्हे, ७९ मिळवायचे. ‘फाल्गुन वद्य, शके १८६३’ या तारखेत ७८ मिळवले तर १९४१ येते. १९४१ च्या मार्चमध्ये रंगून शांत होते, जपान युद्धात उतरलाच नव्हता. खरी तारीख मार्च १९४२. त्याच फाल्गुनात, ८ मार्चला, जपानी फौज रंगुनात शिरली. एका वर्षाच्या फरकाने तेच पत्र निवांत वाटते किंवा अंगावर काटा आणते. ‘आंब्यास मोहोर कसा आहे’ हा प्रश्न १९४१ चा असेल तर चौकशी आहे. शहर पेटत असताना विचारला असेल तर ते काय आहे, ते तुम्हीच ठरवा.

मोडीबद्दल थोडे. निम्मी पत्रे मोडीत आहेत म्हणता, आणि ती कोणाकडून वाचून घ्यावीत असे विचारता. पुराभिलेख खात्याचे मोडी वर्ग चालतात, तिथे शिकलेले वाचक मिळतात. पण दरबारी मोडी वाचणारा माणूस घरगुती मोडीत अडखळतो, हे लक्षात असू द्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द सलग लिहितात, आणि शाई उडालेली असली की काना-मात्रा आधी जातात. ब्रह्मदेशातल्या नावांनी तर आणखी फसगत होते. एका कुटुंबासाठी मी ‘प्रेमास मुक्काम केला’ असे वाचून दिले होते. घरच्यांनी त्यावरून आजोबांचे एक ब्रह्मी प्रकरण रचले, कोणी त्या बाईचे रूपही वर्णन करू लागले. चार महिन्यांनी दुसऱ्या पत्राशी ताडून पाहताना लक्षात आले की मूळ शब्द ‘प्रोमास’ होता. प्रोम हे इरावतीच्या काठचे गाव. रंगूनहून पळालेले लोक तिथून आराकानचा डोंगर ओलांडून टौंगुपच्या किनाऱ्याला उतरत आणि पुढे होडीने अक्याब, चितगाव गाठत. एक काना उडाला होता, बाकी काही नाही. तेव्हापासून गावाचे नाव असू शकेल असा प्रत्येक शब्द मी नकाशाशी ताडल्याशिवाय वाचून देत नाही. तुम्हीही पेगू, मौलमीन, प्रोम, अक्याब, मेम्यो, मंडाले ही नावे शेजारी लिहून ठेवा.

मंडाले आलेच असेल तर एक जपायचे. त्या काळच्या मराठी घरात ‘मंडाले’ म्हणजे टिळकांचा तुरुंग, १९०८ ते १९१४. कोणी ‘मंडालेचे दर्शन घेतले’ असे लिहिले तर ते बहुधा तीर्थयात्रेच्या भावनेने लिहिलेले असते. त्याचा युद्धाशी संबंध जोडण्याआधी तारीख बघा. ३ एप्रिल १९४२ च्या हवाई हल्ल्यात मंडालेचा मोठा भाग जळाला, त्यानंतरचे ‘मंडाले’ वेगळे.

आता खोडलेल्या दोन ओळी. सगळ्यांना आधी सेन्सॉर आठवतो. मला आधी घरातली माणसे आठवतात. सेन्सॉर ठिकाण, आकडा, बातमी खोडतो, किंवा ब्लेडने तेवढा भाग कापूनच काढतो. खोडलेल्या ओळींच्या मागेपुढे काय आहे ते पाहा. आधी ‘येथील हल्लीची स्थिती’ असेल तर सेन्सॉरवर संशय घ्या. आधी ‘वाटणी’, ‘दागिने’, ‘धाकट्या वहिनी’ असे काही असेल तर शाईची दौत तुमच्याच माजघरात होती. पाकिटावर तपासणीची पट्टी किंवा शिक्का नसेल तर हा संशय आणखी बळावतो. खोलीत अंधार करून कागदाला एका बाजूने टॉर्च तिरपी धरा, निबाचे चर दिसतात. दोन्ही बाजूंनी तसे फोटो काढा. शाई पुसायला काहीही लावू नका, पाणीही नाही. एका गठ्ठ्यात तीन पिढ्यांनी ‘इंग्रजांनी खोडले’ म्हणून दाखवलेली ओळ अशी तिरप्या उजेडात वाचली, तर ती थोरल्या भावाने न फेडलेल्या उसनवारीबद्दल निघाली. पत्र थोरल्या भावालाच आलेले होते. त्या घरातले वातावरण मग जरा गार झाले.

पत्र कोणाला आले, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. सगळी पत्रे बंधूंना आहेत, पणजीला एकही नाही, याचे तुम्हाला वाईट वाटले असे तुम्ही लिहिले आहे. त्या काळच्या एकत्र कुटुंबात बायकोला स्वतंत्र पत्र लिहिणे अनेकांना उद्धटपणाचे वाटे. पत्र घराच्या कर्त्याला जाई, ‘ती. दादांचे सेवेसी, कृ. सा. न. वि. वि.’ अशी सुरुवात होई, आणि पत्र आले की ओटीवर मोठ्याने वाचले जाई. वडील मंडळी, मुले, शेजारी, आणि दाराआड उभी असलेली पणजी, सगळ्यांनी ऐकायचे. म्हणजे पणजोबा लिहीत होते ते एका माणसासाठी नव्हतेच. कामाबद्दल न लिहिण्याचे सरकारी कारण होतेच, पण त्याहून जवळचे कारण ओटीवर बसलेले होते. आई ऐकणार आहे हे ठाऊक असलेला मुलगा ‘बाँब पडला’ असे लिहीत नाही, ‘हवा पालटली आहे’ असे लिहितो. सेन्सॉरने काय खोडले ते कागदावर दिसते. आईसाठी जे लिहिलेच नाही ते दिसत नाही, आणि ते कितीतरी जास्त असते.

पणजीसाठीचा मजकूर शोधायचा असेल तर मुलांच्या नावाखाली शोधा. ‘चि. बाळ्यास सांगणे की मी आंबेमोहोर तांदूळ विसरलो नाही.’ पाच वर्षांच्या बाळ्याला तांदळाशी काय करायचे आहे? असली वाक्ये मुलाच्या पत्त्यावर पाठवलेली, पण वाचायची दुसऱ्या कोणी असतात. वर तांदळाचे वाक्य मी नमुना म्हणून दिले. तुमच्या गठ्ठ्यात काही वेगळे असेल.

समजा, ते खरेच एजंटच्या कचेरीत होते. मग १९४१-४२ च्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर काय होते, ते कळल्याशिवाय पत्रातले ‘काळजी नसावी’ नीट ऐकू येणार नाही. १९३१ च्या जनगणनेत रंगूनची वस्ती चार लाखांच्या घरात होती आणि तिच्यात निम्म्याहून अधिक लोक हिंदी होते: तेलुगू आणि उडिया मजूर, तमिळ चेट्टी सावकार, गुजराती व्यापारी, बंगाली कारकून, थोडेफार आपले लोक. २३ डिसेंबर १९४१ ला शहरावर पहिला मोठा हवाई हल्ला झाला, नाताळाच्या दिवशी दुसरा. हजाराहून जास्त माणसे मेली. मजूर शहर सोडून उत्तरेला चालू लागले. पण बंदरावर माल उतरवायला तेच हात हवे होते, म्हणून सरकारी लोकांनी सुरुवातीला त्यांना समजावून परत फिरवण्याची खटपट केली. त्यांची विचारपूस करायला जी कचेरी होती, ती या समजावणीपासून लांब राहूच शकत नव्हती. मग फेब्रुवारी उजाडला, सीतांग नदीवरचा पूल उडवला गेला, आणि ७ मार्चला इंग्रजांनी रंगून सोडले. तोवर आणि त्यानंतर मिळून चार लाखांवर हिंदी लोक जमिनीने, पाण्याने हिंदुस्थानात आले. काही टौंगुपवरून, फार मोठ्या संख्येने सरहद्दीवरच्या तामूवरून मणिपूरला, आणि सर्वांत शेवटचे, सर्वांत हाल झालेले, पावसाळ्यात हुकाँगच्या खोऱ्यातून आसामातल्या लेडोला. पटकी, हिवताप आणि उपासमार यांनी वाटेत किती मेले त्याचा नेमका हिशेब कोणालाच लावता आला नाही.

त्या कचेरीतला कारकून दिवसभर तेलुगू मजुरांना सांगत असेल, घाबरू नका, जागचे हलू नका. आणि रात्री घरी लिहीत असेल, काळजी नसावी. दोन्ही वाक्ये एकच आहेत. त्यातले कुठले त्याला स्वतःला पटत होते, हे मी सांगू शकत नाही. पण नंतर आयुष्यभर त्याने त्या वर्षाबद्दल तोंड उघडले नसेल (तुम्ही लिहिले आहे की पणजोबा ब्रह्मदेशाचे नाव काढले की उठून जात), तर त्यासाठी गुप्तहेर असण्याची गरज पडत नाही. मला ही शक्यता हेरगिरीपेक्षा जड वाटते. घरात ती सांगायला कठीण म्हणून हेराची गोष्ट टिकली असेल, हाही माझा तर्कच.

तर्क तपासायचा कसा? त्या वेळी दिल्लीत परदेशस्थ हिंदी लोकांचे खातेच वेगळे होते. १९४१ ते ४३ ते खाते व्हाइसरॉयच्या मंडळात लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होते. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला, आणि पुढे त्याच वर्षी ते सिलोनला हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढे १९४४ मध्ये खात्याचे नाव कॉमनवेल्थ रिलेशन्स झाले. या खात्यांच्या फाइली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. पणजोबांच्या नावाने शोधू नका, कारकुनाचे नाव सूचीत क्वचितच असते. खाते, ‘बर्मा’, ‘एजंट’, ‘इव्हॅक्युइज’ (म्हणजे तिथून बाहेर काढलेले लोक) आणि साल टाकून शोधा, मग फाइलीच्या आत आस्थापनेच्या याद्या पाहा. नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेले असू शकते, आडनावाऐवजी वडिलांच्या नावाने लावलेलेही असते.

घरात शोधायचे ते वेगळे: नोकरीचे सर्व्हिस बुक, पेन्शनचा कागद, आणि मनिऑर्डरची कुपने. कुपनाकडे कोणी लक्ष देत नाही. त्यावर रक्कम, तारीख, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि दोन ओळींचा निरोप असतो. पत्रात जागेचे नाव गाळणारा माणूस मनिऑर्डर फॉर्मवर मात्र कचेरीचा पत्ता निमूट भरतो, कारण तो भरावाच लागतो. देवघराच्या मागे, पोथ्यांत, हिशेबाच्या वहीत कुपने अडकलेली सापडतात.

सर्व्हिस बुकात मधली दोन-तीन वर्षे कोरी असली, किंवा एखादे अनाकलनीय बक्षीस नोंदलेले असले, तर मी माझे मत बदलायला तयार आहे. तोवर मी त्यांना कारकूनच म्हणेन, आणि त्यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही.

छापण्याबद्दल. घाई नको. आधी सगळी पत्रे दोन्ही बाजूंनी, पाकिटांसकट, स्कॅन करा. ३०० डीपीआय चालेल, खोडलेल्या पत्रासाठी ६००. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घाला, पेनाने नाही. टाचण्या काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींपासून पत्रांना वाचवा. वाळवीपेक्षा जास्त नुकसान मी लॅमिनेशनने झालेले पाहिले आहे. पत्रे ज्या क्रमाने गठ्ठ्यात बांधली होती तो क्रमही टिपून ठेवा. कोणीतरी ती तशी बांधली होती, आणि ते पणजीही असू शकते.

हक्कांचे म्हणाल, तर कागद ज्याच्या ट्रंकेत आहे त्याचाच मजकूर, असे कायदा मानत नाही. लिहिणाऱ्याच्या पश्चात हक्क त्याच्या सगळ्या वारसांकडे जातो. म्हणजे आत्या, चुलते, त्यांची मुले, सगळ्यांची संमती लेखी घ्या. उसनवारी, आजार, कोणाचे लग्न मोडणे, अशा जागा येतील. ज्यांची नातवंडे आज त्याच गावात राहतात त्यांची नावे गाळलेली बरी, पण तिथे गाळले आहे हे चौकटी कंसात स्पष्ट दाखवा. गुपचूप गाळलेत तर पन्नास वर्षांनी कोणीतरी तुमच्यावरच सेन्सॉर म्हणून संशय घेईल. आणि शुद्धलेखन सुधारू नका. ‘काळजि नसावि’ असेच राहू द्या.

शेवटच्या पोस्टकार्डाबद्दल तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे, मी मात्र तिथेच थबकलो. ‘सुखरूप आहे. दोन धोतरे पाठवावीत.’ बाकी कोरे. तुम्हाला ते तुसडे वाटले. पोस्टकार्ड उघडेच असते, पोस्टमनपासून सगळे वाचतात, त्यामुळे एरवीही माणूस त्यावर कमीच लिहितो. पण पाच-सहा वर्षे परदेशात सरकारी नोकरी केलेला, महिन्याला घरी पैसे पाठवणारा माणूस दोन धोतरे मागतो, याचा अर्थ त्याच्या अंगावर होते तेवढेच उरले होते. त्या कार्डावरचे तिकीट हिंदुस्थानचे आहे की ब्रह्मदेशाचे, ते पाहा. मग भिंगाखाली शिक्का वाचा. दिमापूर, इंफाळ, चितगाव, कलकत्ता, यांपैकी एखादे नाव निघाले तर ते कुठल्या वाटेने चालत आले ते कळेल. शिक्का पुसट असेल तर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो पाठवा, मी पाहून सांगतो.